हवालदाराची समाधी

हवालदार बसला तो रस्त्याकडच्या खाचरात बसला, आणि भात कापणीला आलेलं असताना बसला.

हवालदार म्हणजे बैल. तरणा असताना वाकणपाड्याच्या रस्त्यात आडवा उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचा, म्हणून त्याच्या मालकानं, महिपतीनं त्याला हे नाव दिलं होतं. आता त्याचे दात झिजले होते, एक डोळा पांढरा पडला होता आणि मागचा उजवा पाय टेकताना तो आधी विचार करायचा. चिखलणीला पॉवर टिलर यायला लागल्यापासून हवालदार गोठ्यात उभा राहून त्या टिलरचा आवाज ऐकत असे. त्याला तो आवाज आवडत असावा. शेपटी हलवायचा.

पूर्वी असा बैल बाजारात जायचा. पुढं त्याचं काय होतं हे घेणारा सांगायचा नाही आणि देणाराही विचारायचा नाही. कायदा झाला आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. त्या कायद्यानंही आमदार साहेबांचं समाधान झालेलं नव्हतं. साहेब संस्कृतीचे कडवे रक्षक होते. अंगणवाडीत पोरांना अंडं देतात याविरुद्ध त्यांनी एकदा उपोषण केलं होतं आणि ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं होतं. देवळात फाटक्या जीन्स घालून येणाऱ्यांसाठी त्यांनी स्वखर्चानं लुंग्या ठेवल्या होत्या. त्यांचं सगळ्यात गाजलेलं भाषण मात्र बैलावरचं. शेतकऱ्याचा बैल हा त्याच्या बापाच्या जागी असतो, असं त्यांनी सभागृहात सांगितलं, तेव्हा बाकं वाजली होती.

राजूनं ते भाषण बापाला मोबाइलवर दाखवलं. महिपतीनं पूर्ण ऐकलं.

"माझा बाप येवढा पेंढा नव्हता खात," तो म्हणाला.

दसऱ्याच्या आधी महिपतीनं एक प्रयत्न करून पाहिला होता. त्याची बहीण राजाबाई डोंगराच्या अंगाला राहायची, तिच्याकडं चरायला माळ होता. तिच्याकडं ठेवू, चरेल, मरेल, असा विचार करून त्यानं हवालदाराला टेम्पोत चढवलं. बदलापूरच्या अलीकडं गळ्यात भगवे रुमाल घातलेल्या पोरांनी टेम्पो अडवला. बैल बहिणीकडं चाललाय, हे महिपतीनं चार वेळा सांगितलं. पोरं हसली. त्यांनी त्याला उतरवलं, कान धरायला लावले आणि बैलासमोर उठाबशा काढायला लावल्या. महिपतीचे गुडघे कटाकटा वाजत होते. मग एक जण म्हणाला, "आता पाया पड आणि बोल, बाबा, चुकलो."

महिपती पाया पडला. बाबा, चुकलो, असं म्हणाला. हवालदारानं आख्ख्या आयुष्यात कुणाला लाथ मारली नव्हती, ती तेव्हा मारली. खांद्याला लागली. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला, 'नंदीनं दिला न्याय' असं लिहून टाकला आणि टेम्पो बैलासकट परत फिरवला.

दुसऱ्या दिवशी महिपती त्याच खांद्याला तेल लावून बदलापुरात साहेबांच्या ऑफिसात गेला. साहेब नव्हते, हेमचंद्र होता. हेमचंद्र साहेबांचं सगळं बघायचा, म्हणजे साहेब कुठं आहेत हे सोडून बाकी सगळं. पांढरा सदरा, कपाळावर उभा गंध, बोलणं मऊ.

"साहेबांची गोशाला हाय म्हनतात," महिपती म्हणाला. "आमचा बैल थितं घ्या. म्हातारा हाय. आमाला नाय पोसवत."

"गोशाला फुल आहे, काका."

"येक बैल नाय मावनार?"

"गोशाला आहे ना ती? गाईंची. देशी गाईंची." हेमचंद्रनं खुर्ची पुढं ओढली. "आणि काका, राग मानू नका, पण बाप म्हातारा झाला की वृद्धाश्रमात टाकायचा, हे आपले संस्कार आहेत का?"

महिपतीनं चहा घेतला आणि घरी आला. बायकोनं, बनूबाईनं विचारलं, काय म्हनलं. तो म्हणाला, "माजे संस्कार कमी पडतात."

आणि आता कापणी तोंडावर असताना हवालदार बांधावरून उतरून भातात जाऊन बसला.

महिपतीचं हे एकच खाचर उरलं होतं. वरची दोन्ही बापाच्या वेळेलाच बिल्डरकडं गेली, तिथं आता पंधरा मजल्यांवर माणसं राहतात आणि गॅलरीतून खाली बघून 'किती छान हिरवं आहे' म्हणतात. हे हिरवं म्हणजे महिपतीचं खाचर. यातला तांदूळ वर्षभर घरात पुरायचा. राजू अंबरनाथच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, सहा महिने काम आणि मग ब्रेक. ब्रेकमध्ये घर या खाचरावरच चालायचं.

"उटव त्याला," बनूबाई बांधावरून ओरडली. "भात चेपतोय."

महिपतीनं शेपटी पिळली. राजूनं पोटाखालून वासा घातला आणि दोघांनी जोर लावला. हवालदार थोडा वर आला आणि परत बसला, या वेळी भाताच्या अजून चार चुडांवर. बनूबाईनं पातेल्यातून पेज आणली. त्यानं जीभ बाहेर काढली, पेजेला लावली आणि तशीच ठेवली. आश्विनातलं ऊन पाठीत सुया टोचल्यासारखं लागत होतं. माशा यायला लागल्या. दुपारी त्यानं मान भुईला टेकली आणि एक मोठा श्वास सोडला. भाताची पाच-सहा लोंबरं त्या वाऱ्यानं हलली.

"गेला," बनूबाई म्हणाली आणि तिथंच बांधावर बसून रडली. हवालदार तिच्या हातचं खाऊन मोठा झाला होता. राजूचं लग्न झालं तेव्हा नवरा-नवरीला त्याच्याच गाडीतून आणलं होतं.

राजू म्हणाला, "जेसीबी बोलावतो. अर्ध्या तासात काम तमाम."

"जेसीबी आत येनार कुठून? तुज्या डोक्यावरून?" महिपती म्हणाला. "आख्खं भात जायल."

"मग ओढून रोडला घेऊ."

"तिघं मिलून? सांड हाय तो."

पोट फुगायला लागलं होतं. पाय ताठ होऊन वर येत होते. राजूची बायको किर्ती नाकाला ओढणी लावून रस्त्यावर उभी होती. ती अंबरनाथ पश्चिमेची, तिला मेलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे मांजर माहीत होती.

तेव्हा बनूबाई हळू आवाजात म्हणाली, "पूर्वी धोंडिबाच्या घरचं यायचं."

महिपतीनं टोपी झटकली आणि बौद्धवाडीकडं चालायला लागला.

धोंडिबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला. घर पक्कं, दारात तुळस नाही पण मोगरा होता, आणि ओट्यावर सुट्टी म्हणून घरी असलेली त्याची लेक अस्मिता ऑफिसचा डबा घासत होती. धोंडिबा आणि महिपती एका वर्गात होते, एकाच दिवशी नापास झालेले. महिपती ओट्याच्या खाली उभा राहिला.

"वर ये की," धोंडिबा म्हणाला.

"हवालदार मेला."

"अरारा. चांगला बैल होता."

"खाचरात मेला. भात उभं हाय." महिपतीनं टोपी काढली, परत घातली. "तुमच्यातलं कोनी येवन ओढून नेल का, असं इचारत होतो. बनी म्हनली इचार."

अस्मिताचा डबा घासायचा आवाज थांबला. धोंडिबानं चष्मा काढला, बनियनला पुसला.

"महिपती, आमच्या आज्यानं छप्पन साली ढोरं ओढायचा दोर हिरीत टाकला. हीर अजून हाय. तू म्हनत आसशील तर उतरून बघतो, गावतो का."

अस्मिता हसली नाही. महिपतीनं खाली बघितलं. पायाला चिखल होता, तो त्यानं दुसऱ्या पायानं खरवडला.

"चुकला माजा," तो म्हणाला आणि वळला.

तो मोगऱ्यापर्यंत गेल्यावर धोंडिबा म्हणाला, "मेला थितंच गाडा ना. वढता कशाला?"

"येकले बाप-लेक कवा खननार?"

"मग खनायला ये म्हन. मढं वढायला बोलावलंस तर नाय येनार. खड्डा खनायला शेजारी म्हनून बोलावलंस, तर येतो. पन पैली कुदल तू मारशील. आनि दोरी बांधून सरकवायचा तोबी तूच."

"बाबा," अस्मिता म्हणाली.

"वर्गातला हाय," धोंडिबा म्हणाला आणि आत खोरं शोधायला गेला.

ऊन उतरेपर्यंत तिघं खणत होते. वरची माती सुकलेली, खाली चिकण, आणि त्याखाली पाणी. कुदळ मारली की चिखल तोंडावर यायचा. महिपतीच्या तळहाताला फोड आले आणि फुटले. धोंडिबाची कंबर धरली, तो खड्ड्यातच उभा राहून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "तोफेचा गोला बनवला आयुष्यभर, पन येवढा घाम नाय आला." राजू कुदळीपेक्षा मोबाइल जास्त उचलत होता. मग महिपतीनं दोर बांधला, वाशांनी रेटून हवालदार आत सरकवला. पोत्यानं मीठ टाकलं. माती लोटली. बैलाएवढा उंचवटा झाला, खाचराच्या कडेला, रस्त्याला लागून.

आता खरी अडचण पुढं होती. हा रस्ता कंपनीच्या पाळीला जाणाऱ्यांचा. पहाटे आणि संध्याकाळी येणारीजाणारी माणसं आडोसा दिसला की तिथं बसायची, आणि नवा उंचवटा म्हणजे आयता आडोसा. बनूबाईला ते सहन होईना.

"त्याच्यावर कोनी बसल," ती म्हणाली.

तिनं ओढ्यातला एक लांबट दगड आणला, उंचवट्यावर रोवला, त्याला शेंदूर फासला, दोन फुलं टाकली आणि नारळ फोडला. या भागात हा जुना उपाय. भिंतीवर देवाची फरशी लावली की तिथं कुणी उभा राहत नाही, तसंच शेंदराच्या दगडाशेजारी कुणी बसत नाही. शेंदूर लावताना तिला परत रडू आलं. किर्तीनं तिचा फोटो काढला आणि 'माझ्या सासूबाई, बैलाला देव मानणाऱ्या' असं लिहून स्टेटसला टाकला. मागून गाणं लावलं.

तिसऱ्या दिवशी हेमचंद्र गाडी घेऊन आला. त्याच्या मोबाइलवर बनूबाई होती.

"काका," त्यानं महिपतीचे दोन्ही हात धरले, फोडांसकट. "तुम्ही हे केलंत आणि आम्हाला कळवलंही नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब स्वतः येतायत. समाधीचं लोकार्पण करायला."

"कसली समाधी?"

"नंदराज महाराजांची."

महिपतीनं बनूबाईकडं बघितलं. बनूबाईनं राजूकडं. राजूच्या तोंडावर हसू येत होतं, ते त्याला आवरत नव्हतं.

"तो हवालदार हाय," बनूबाई म्हणाली.

"ते त्यांचं सांसारिक नाव, मावशी."

"पन दगड मी ठेवलाय, तो लोकांनी घान करू नये म्हनून ठेवलाय."

हेमचंद्रनं फक्त हात जोडले. अशा बोलण्यानं भावना दुखावतात, हे त्याच्या जोडलेल्या हातांवरून कळत होतं.

महिपती म्हणाला, "कवा येतात साहेब?"

"उद्या."

"दोन रोज द्या. भात कापून घेतो. पार पिकलंय, झडाला लागलंय."

"साहेबांची तारीख आहे, काका. मुहूर्त आहे. आणि दोन काडी भात..." हेमचंद्रनं खाचराकडं नजर टाकली. "नंदराजांनीच दिलंय ना ते?"

रात्रीतून तंबूवाले आले. सकाळी महिपती विळा घेऊन आला तेव्हा भातात बांबू उभे होते. मंडपाखालचं भात पोरांनी पायानं आडवं करून त्यावर हिरवं कार्पेट घातलं होतं. कार्पेट मऊ लागतंय म्हणून पोरं त्यावर उड्या मारून बघत होती. महिपतीनं कार्पेटचं एक टोक उचललं. खाली लोंबरं चिखलात गेली होती. त्यानं टोक परत ठेवलं.

हेमचंद्रच्या हातात तांब्याचा गडू होता. "खड्डा कुणी खणला, काका? नोंद म्हणून विचारतो. भाषणात साहेब नाव घेतील."

"आमी," राजू म्हणाला. "आनि धोंडिबाकाका."

"धोंडिबा कुठले?"

"खालचे. बौद्धवाडीतले."

हेमचंद्रनं आंब्याचा टहाळा गडूत बुडवला आणि उंचवट्याभोवती फिरून गोमूत्र शिंपडलं. दगडावर, मातीवर, खड्ड्याच्या चारी अंगाला, आणि जिथं जिथं पायाचे ठसे होते तिथं.

"विधीचा भाग असतो," तो म्हणाला. "कुणाबद्दल काही नाही."

धोंडिबा रस्त्यावर उभा होता. साहेब येणार म्हणून त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. महिपतीनं त्याला बघितलं आणि तळहातावरचं फोडाचं साल सोलायला लागला. साल निघालं तेव्हा मान वर केली. धोंडिबा नव्हता.

साहेब दुपारी आले. मागून सात गाड्या, त्या बांधावर चढल्या. साहेब आखूड, गोरे, आणि त्यांना घाम येत नव्हता. त्यांनी समाधीला वाकून नमस्कार केला, बनूबाईला साडी दिली आणि माइक हातात घेतला.

"मित्रांनो, शहरात लोक आईबापांना घराबाहेर काढतात. आणि इथं एक गरीब शेतकरी बैलाची समाधी बांधतो. हा आपला देश आहे." टाळ्या पडल्या. "या अधिवेशनात मी मागणी करणार आहे. बारा वर्षांवरच्या प्रत्येक बैलाला ज्येष्ठ नागरिकाचा दर्जा मिळाला पाहिजे."

"एसटीत अर्धं तिकीट पन?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

साहेबांनी तिकडं बघितलं. प्रश्न भक्तीनं विचारला की कसा, हे त्यांना कळेना. "सगळ्या सवलतींचा विचार होईल," ते म्हणाले.

मग हेमचंद्रनं महिपतीला पुढं ढकललं. अंगावर शाल पडली, हातात माइक आला. महिपतीनं सकाळपासून एकच वाक्य मनात घोळवलं होतं. साहेब, माझं भात कापू द्या. तेवढंच. समोर आख्खा गाव होता, पंधरा मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली होती.

"हवालदार चांगला बैल होता," तो म्हणाला.

"नंदराज," हेमचंद्र कानात पुटपुटला.

"नंदराज चांगला बैल होता." महिपतीनं घसा साफ केला. "आनि भात..."

माइक साहेबांच्या हातात गेला होता. घोषणा सुरू झाल्या. शालीनं महिपतीला इतकं उकडत होतं की त्याला उभं राहवेना. तो कार्पेटवर बसला. बसल्यावर त्याला भात बोचलं.

मंडप गेला, पण दोरी राहिली. समाधीच्या चारी बाजूला दोरी, दोरीच्या आत सिमेंटचा कठडा, मग प्रदक्षिणेची फरशी, मग पत्र्याची शेड. एक एक वस्तू येत गेली आणि प्रत्येक वेळी दोरी चार-चार हात खाचरात सरकली. हेमचंद्र म्हणायचा, "जागा तुमचीच, काका. नावावर तुमच्याच. फक्त नांगर लावू नका."

दोरीच्या बाहेर जे भात उभं होतं, ते बनूबाई कापायला गेली. पोटरीला चिखल, कमरेला पदर, हातात विळा. एक ओळ पुरी केली आणि दोरीखालून आतली ओळ धरायला वाकली. शेडमधून राजसी नावाची एक पोरगी धावत आली. कॉलेजातली, गळ्यात सेविकेचं कार्ड.

"आजी, चपला काढाल का, प्लीज?"

बनूबाई अनवाणीच होती. तिनं पाय वर करून दाखवला.

"सॉरी. पण आजी, विळा आत नको. लोखंड आहे."

"मग भात दातानं कापू?"

"आजी, तुम्ही भावना समजून घ्या ना."

बनूबाई उभी राहिली. कंबर सरळ व्हायला वेळ लागला. दोरीच्या आतलं भात पिकून पिकून झडत होतं. चिमण्या बसल्या होत्या, त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं.

भक्त यायला लागले. पहिल्या आठवड्यात रिक्षातून, मग गाड्यांतून. उल्हासनगर कॅम्प एकमधली एक बाई दर गुरुवारी यायची. तिच्या नवऱ्याचं दुकान नंदराजांनी चालू करून दिलं होतं. बनूबाईनं तिला एकदा सांगितलं, "बाई, हा आमचा बैल हाय. हवालदार. म्हातारा जाला, मेला." त्या बाईनं वाकून बनूबाईचेच पाय धरले. म्हणाली, "माई, आप कितनी भाग्यवान हो."

राजूनं नारळाची गाडी लावली. कंपनीचा ब्रेक चालू होताच.

"पप्पा, टेन्शन नका लेव," तो म्हणाला. "ये धंदा आहे. भातात काय होतं? घरात खाऊन संपतं."

"तेच तर करवाचा असतो भाताचा," महिपती म्हणाला.

किर्ती नारळ सोलून द्यायची आणि कुणाकडं बघायची नाही. एकदा सासूला म्हणाली, "आई, मी फक्त स्टेटस टाकलं होतं." बनूबाई म्हणाली, "आनि मी फक्त दगड."

पौषात महिपती पुन्हा मोगऱ्याशी जाऊन उभा राहिला. या वेळी धोंडिबा 'वर ये' म्हणाला नाही.

"तहसीलदाराकडं जानार हाय," महिपती म्हणाला. "सांगनार, ती समाधी नाय, खड्डा हाय. बैल पुरलाय. त्यांना साक्षीला कोन तरी पायजे. राजू येत नाय. तू खनलास. तू ये."

"मी खनला, हे तू सांगितलंस का तवा?"

महिपतीनं मोगऱ्याचं एक पान खुडलं.

"माइक तुज्या हातात होता. आयकलं मी," धोंडिबा शांतपणे म्हणाला. "मी इस्त्री करून आलो होतो, महिपती. शर्टावरबी शिंतोडे उडाले, येवढं जवल उभा होतो. तू काय करत होतास? हाताचं साल काढत होतास."

"चुकला माजा."

"हे तू दुसऱ्यांदा म्हनतोस. खड्ड्याजवल म्हनला असतास तर मी तहसीलदाराच्या घरी आलो असतो." त्यानं चष्मा लावला. "आता मी साक्ष दिली तर काय होयल, सांगू? बौद्धवाडीतला मानूस देवस्थानाला खड्डा म्हनतो. मग दगड माज्या दारात येतील. अस्मिता ऑफिसातून सातला येती. त्या वाटंनं येती."

आत अस्मिता कुणाशी तरी फोनवर बोलत होती. महिपती परत फिरला. तहसीलदाराकडं तो गेलाच नाही.

फाल्गुनात तो राब भाजायला खाचरात उतरला. दरवर्षीसारखा पाला, शेण, काटक्या यांचा थर टाकला, म्हणजे भाजून भुई तयार होते आणि पावसाच्या तोंडावर त्यावर रोप टाकता येतं. काडी ओढायच्या आत शेडमधून चार पोरं आली. एकानं काडेपेटी घेतली, एकानं महिपतीची कॉलर.

"समाधीला आग लावतोस?"

"राब हाय. माजं खाचर हाय."

त्यांना राब माहीत नव्हता. पाठीत एक बसली, मग आणखी एक. हेमचंद्र आला म्हणून थांबली. त्यानं पोरांना झापलं, महिपतीची टोपी उचलून झटकून दिली आणि त्याला पत्र्याच्या सावलीत घेऊन बसला.

"काका, साहेबांच्या मनात आहे की इथं कायमचा सेवेकरी हवा. भिवंडीकडचा एक महाराज तयार आहे. राहायलाच येईल, खोली बांधावी लागेल, खाचरात. पण मी म्हटलं, पहिला मान काकांचा." त्यानं पोरांकडं बघितलं. "तुम्ही हो म्हणालात तर तो येणार नाही. खोली नाही, काही नाही. नाहीतर मग त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला इथं येता यायचं नाही. चांगलं दिसेल का ते?"

महिपतीच्या पाठीत कळ येत होती. समोर खाचर होतं, अर्ध्यावर फरशी, उरलेल्यावर न पेटलेला राब. त्या अर्ध्यात तरी पाय टाकायला मिळावा, एवढाच त्यानं विचार केला.

"काय काय करावा लागतो?" त्यानं विचारलं.

"काही नाही. फक्त रांग सांभाळायची."

चैत्री पौर्णिमेला साहेबांनी भंडारा ठेवला. चूल बांधली ती राबाच्या जागेवर, कारण तिथं पाला आयताच होता. कढईत भात शिजत होता, शेजारी आमटी. रांग पार बांधावरून रस्त्याला लागली होती. महिपतीच्या अंगावर भगवा सदरा होता, गळ्यात शिट्टी. राजू नारळ विकत होता. साहेब व्यासपीठावर बसून ज्येष्ठ बैलांच्या विधेयकाची प्रगती सांगत होते.

बनूबाई घरातून आली. घरात या वर्षी नवा तांदूळ आला तो संक्रांतीपर्यंतही पुरला नव्हता. होता तो रेशनचा, तो आज संपला होता. ती रांगेत उभी राहिली. कॅम्प एकच्या बाईनं तिला पुढं जायला सांगितलं, तर ती म्हणाली, "नको, माजा नंबर येयल."

नंबर आला. द्रोणात भात पडला. बनूबाई तिथंच थांबली, एक शीत उचललं, बोटांत चेपलं, जिभेवर ठेवलं.

"बाजारचा हाय," ती म्हणाली. "कच्चाबी हाय."

"आजी, प्रसादाला नावं ठेवत नाहीत," राजसी म्हणाली.

"या भुईत बाजारचा भात," बनूबाई परत म्हणाली, कुणाला असं नाही, आणि हलली नाही. मागची रांग थांबली. माणसं माना उंच करून बघायला लागली. हेमचंद्रनं व्यासपीठावरून महिपतीकडं बघितलं.

महिपतीनं शिट्टी ओठांत धरली. फुंकली नाही. काढली. मग तो बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि रांगेतल्या सगळ्यांना म्हणत होता तेच, त्याच आवाजात म्हणाला.

"पुढं चला, मावशी. मागच्यांना वाट द्या."

बनूबाईनं त्याच्याकडं वर बघितलं. सदऱ्याकडं बघितलं, शिट्टीकडं बघितलं. मग द्रोण दोन्ही हातांत घट्ट धरला.

"हो, महाराज," ती म्हणाली आणि पुढं सरकली.